डेझर्ट हॉट स्प्रिंग्जचा दोन दिवसांचा मुक्काम: आरक्षणापासून परतीपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या गावी शनिवार-रविवार घालवून आलेल्या ओळखीच्या कुटुंबांकडून मी वर्षानुवर्षे त्याच तक्रारी ऐकत आलो आहे. हॉटेलात मुलांना प्रवेशच नव्हता, झरा शोधत गावभर फिरलो, दिवसभर भटकून आल्यावर गरम पाण्यात उतरलो आणि घेरी आली, रविवारची संध्याकाळ महामार्गावर गेली. यांतली एकही गोष्ट टाळता न येण्यासारखी नाही. जे आरक्षणापूर्वी विचारायचे ते पोहोचल्यावर विचारले जाते आणि जे विश्रांतीनंतर करायचे ते विश्रांतीआधी केले जाते, एवढेच या चुकांचे मूळ आहे. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच वाचावेत आणि शक्यतो त्याच क्रमाने पाळावेत.

## १. पाणी कुठे आहे, हे आधी समजून घ्या

गावाच्या नावावरून वज्रेश्वरीसारखे उघडे कुंड डोळ्यांसमोर येते, पण तसे सार्वजनिक कुंड इथे नाही. गरम पाणी जमिनीखाली आहे. ते विहिरींतून वर खेचून, योग्य तापमानाला आणून हॉटेलांच्या हौदांत सोडले जाते. त्यामुळे ज्या हॉटेलात मुक्काम असेल किंवा ज्याचा दिवसभराचा पास घेतला असेल, तेथील पाणीच तेवढे तुमच्या वाट्याला येते.

कोणत्या हॉटेलाला गरम पाणी मिळते, ही विभागणी भूगर्भाने केलेली आहे. सॅन अँड्रियास भ्रंशाची (जमिनीच्या कवचातल्या मोठ्या भेगेची) मिशन क्रीक नावाची शाखा गावाखालून जाते आणि भूजलाला बांधासारखी अडवते. तिच्या ईशान्येला गरम पाण्याचा साठा आहे, तर नैर्ऋत्येला गार पाण्याचा. म्हणजे दोन किलोमीटर अंतरावरच्या दोन हॉटेलांपैकी एकाच्या हौदात जमिनीतले खनिजयुक्त गरम पाणी असेल आणि दुसऱ्याच्या हौदात नळाचे पाणी तापवून भरलेले असेल, हे अगदी शक्य आहे. दुसऱ्या प्रकारचे हॉटेल वाईट असते असे नाही, पण तुम्ही ज्यासाठी एवढे अंतर कापणार आहात ते पाणी तिथे मिळणार नाही.

तपासणी: आरक्षणापूर्वी फोन करून एकच नेमका प्रश्न विचारावा: ‘तुमच्या हौदांतले पाणी तुमच्या विहिरीचे आहे का?’ ‘आमच्याकडे गरम पाण्याचा टब आहे’ असे उत्तर आले, तर प्रश्न पुन्हा विचारावा.

## २. तारीख ठरवा

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. त्या दिवसांत दुपारी साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान असते आणि रात्री ते १० अंशांच्या खाली उतरू शकते. गरम पाण्याचे खरे सुख त्या थंड रात्रीत आहे. जून ते सप्टेंबर दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा हवेत ४० अंशांच्या पाण्यात बसणे आनंदाचे तर नाहीच, शिवाय धोक्याचे आहे, कारण बाहेर आल्यावरही शरीराला उष्णता टाकायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात दर उतरलेले असतात आणि त्या मोहाने पुष्कळ जण फसतात. उन्हाळ्यातच जावे लागले, तर पहाटे आणि रात्री उशिरा एवढ्याच वेळा पाण्यासाठी ठेवाव्यात.

वसंत ऋतूत वाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. सॅन गॉर्गोनियो खिंडीतून, हे गाव ज्यात आहे त्या कोचेला खोऱ्यात शिरणारा वारा एप्रिल ते जूनच्या सुमारास फार जोरात असतो. खिंडीतल्या शेकडो पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. अशा वाऱ्यात ओल्या अंगाने हौदातून खोलीपर्यंत जाणेसुद्धा नकोसे होते. हौदांना भिंतीचा किंवा झाडांचा आडोसा आहे का, हे विचारून ठेवावे.

इशारा: एप्रिलमधल्या कोचेला आणि स्टेजकोच या संगीत महोत्सवांचे शनिवार-रविवार, मार्चमधली इंडियन वेल्सची टेनिस स्पर्धा आणि फेब्रुवारीतला शेजारच्या पाम स्प्रिंग्ज शहरातला मॉडर्निझम वीक हा वास्तुकलेचा महोत्सव या काळात संपूर्ण खोऱ्यातील दर चढतात. तारीख पक्की करण्यापूर्वी या कार्यक्रमांचे वेळापत्रक पाहावे.

## ३. मुक्कामाचे आरक्षण: पैसे भरण्याआधीचे प्रश्न

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई करू नये. गावातली बरीच मुक्कामस्थळे लहान आहेत, मोजक्याच खोल्यांची, आणि प्रत्येकाचे नियम स्वतंत्र आहेत. एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी लागू पडत नाही.

पहिला प्रश्न वयाचा. अनेक ठिकाणी फक्त १८ किंवा २१ वर्षांवरील व्यक्तींनाच प्रवेश असतो आणि हा नियम तान्ह्या बाळालाही लागू असतो. आमच्या परिचयातले एक कुटुंब सात वर्षांच्या मुलीला घेऊन रात्री नऊ वाजता पोहोचले आणि दारातूनच परत फिरले. आरक्षण करताना ‘प्रौढ २’ एवढेच भरले होते आणि मुलांच्या रकान्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. मुले बरोबर असतील तर कुटुंबांचे स्वागत करणारे ठिकाणच निवडावे आणि मुलांना हौदात उतरण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत का, तेही विचारावे.

दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. गावातल्या काही ठिकाणी पाण्यात उतरताना कपडे ऐच्छिक असतात. त्यात गैर काही नाही; तिथे जाणाऱ्यांना ते ठाऊक असते. मात्र सासूबाईंना बरोबर घेऊन गेल्यावर ही माहिती मिळणे कोणालाच सुखाचे नाही. संकेतस्थळावर ही गोष्ट बहुधा लिहिलेली असते, पण छायाचित्रांवरून ती लक्षात येत नाही.

तिसरा प्रश्न पोहण्याच्या पोशाखाचा. सुती टी-शर्ट, सलवार किंवा धोतर नेसून हौदात उतरू देत नाहीत, कारण सुताचे तंतू गाळणीत अडकतात. अंगभर पोशाख हवा असल्यास पोहण्यासाठीच बनवलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो आणि तो सामान्यतः चालतो. तरी आधी विचारून खात्री करावी.

याशिवाय आणखी काही गोष्टी लेखी स्वरूपात मागून घ्याव्यात: शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट आहे का, हौद रात्री किती वाजेपर्यंत खुले असतात, खोली सोडल्यानंतरही काही वेळ हौद वापरता येतात का, दाखवलेल्या दरावर कर आणि इतर शुल्क किती चढते, आणि किती दिवस आधी रद्द केल्यास पैसे परत मिळतात. लहान हॉटेलांची रद्द करण्याची मुदत मोठ्या हॉटेलांपेक्षा बरीच कडक असू शकते. लहान स्वयंपाकघर असलेली खोली मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. गावात उपाहारगृहे मोजकीच आहेत आणि पाण्यातून निघून सैलावलेल्या अंगाने जेवणासाठी गाडी काढणे जिवावर येते.

तपासणी: फोनवर मिळालेली उत्तरे त्याच दिवशी ईमेलने हॉटेलला पाठवून ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारावे. होकार आल्यावरच पैसे भरावेत.

## ४. प्रकृतीची चाचपणी

ही पायरी निघण्याच्या किमान आठवडाभर आधी करावी, म्हणजे डॉक्टरांना विचारायला वेळ राहतो. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो; माणूस झटकन उभा राहिला की तो आधार एकाएकी जातो, मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते आणि घेरी येते. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांमध्ये हा परिणाम अधिक तीव्र होतो. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय उतरू नये.

मधुमेह असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उष्णतेमुळे टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषले जाऊ शकते आणि साखर खाली जाऊ शकते. शिवाय पायांची संवेदना कमी झाली असल्यास पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही. तेव्हा आधी दुसऱ्या कोणाला हात घालून पाहायला सांगावे. औषधाचा पट्टा त्वचेवर लावलेला असल्यास उष्णतेने त्यातले औषध अधिक वेगाने शरीरात जाऊ शकते, म्हणून त्याबद्दलही विचारावे.

गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम हौदात बसू नये. शरीराचे अंतर्गत तापमान ३९ अंशांपलीकडे गेल्यास गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीला धोका असतो. पाय बुडवून काठावर बसायला हरकत नाही.

इशारा: मागच्या दोन आठवड्यांत जुलाब झाले असतील, अंगावर उघडी जखम असेल किंवा नुकतेच गोंदवून घेतले असेल, तर पाण्यात उतरू नये. पहिला नियम इतरांच्या आरोग्यासाठी आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे.

## ५. सामान

प्रत्येकासाठी पोहण्याचे दोन पोशाख घ्यावेत, कारण सकाळी ओला पोशाख पुन्हा चढवणे नकोसे होते. न घसरणाऱ्या रबरी चपला हव्यातच: रात्री फरशी निसरडी असते आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तीच फरशी अनवाणी पाय भाजेल इतकी तापते. टोपी, जाड टॉवेल, रात्रीसाठी उबदार जाकीट, ओठांसाठी मलम आणि अंगाला लावण्यासाठी साधे क्रीम न्यावे, कारण कोरडी हवा आणि खनिजयुक्त पाणी यांनी मिळून त्वचा लवकर फुटते. मीठ-साखरेची पाकिटे आणि काच नसलेल्या पाण्याच्या बाटल्या विसरू नयेत. हौदाजवळ काच चालत नाही.

दागिने घरीच ठेवावेत. या गावच्या पाण्याला गंधकाचा वास जवळपास नसतो, तरी हौदांत जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेले असू शकते आणि त्याने सोन्याच्या दागिन्यांतले डाक कमजोर होतात. चांदीची जोडवी आणि पैंजण काळे पडू शकतात. मंगळसूत्र काढायचे नसेल तर साधे, कमी मोलाचे घालून जावे.

## ६. शुक्रवार: प्रवास आणि पोहोचल्यावरचे दोन तास

लॉस एंजेलिसपासून हे गाव सुमारे ११० मैलांवर आहे. रस्ता मोकळा असेल तर दोन तास पुरतात. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघाल्यास सॅन बर्नार्डिनो, रेडलंड्स, बॅनिंग या पट्ट्यात तेच अंतर चार तासांचे होऊ शकते. दुपारी बाराच्या आत निघावे, ते जमत नसेल तर घरी जेवून रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत निघून काहीही हाती लागत नाही.

विमानाने येणाऱ्यांना पाम स्प्रिंग्जचा विमानतळ जवळ पडतो. तिथून गावाकडे येताना इंडियन कॅन्यन ड्राइव्ह आणि जीन ऑट्री ट्रेल हे दोन सरळ रस्ते नकाशा सुचवतो, पण हे रस्ते व्हाइटवॉटर नदीच्या कोरड्या पात्रातून जातात आणि जोराच्या वाऱ्यात उडणाऱ्या वाळूमुळे किंवा पुरामुळे वरचेवर बंद होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने हे दोन्ही रस्ते आणि महामार्ग क्रमांक १० सुद्धा बंद पडला होता. वाऱ्याचा इशारा असेल तर डेट पाम ड्राइव्हने महामार्ग गाठून यावे. थोडा वळसा पडतो, पण तो रस्ता सहसा खुला राहतो.

इशारा: कोरड्या पात्रातून पाणी वाहताना दिसले, तर ते घोटाभर असले तरी गाडी घालू नये. पाऊस दूर डोंगरात पडत असतो आणि पाणी मिनिटांत वाढते.

पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरण्याचा मोह होतो. तो दोन तास आवरावा. गाडीत बसून अंग आखडलेले असते, वाटेत कमी पाणी प्यालेले असते आणि पोट एक तर रिकामे किंवा तुडुंब भरलेले असते. सामान लावावे, दोन-तीन पेले पाणी प्यावे, हलके खावे आणि हौद कुठे आहेत ते उजेडात पाहून घ्यावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. ते भ्रंशाच्या गार बाजूच्या साठ्यातून येते.

## ७. पाण्यात उतरण्याचा क्रम

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. सारा प्रवास यासाठी केलेला असतो आणि तरीही यालाच सर्वांत कमी विचार दिला जातो.

आधी साबण लावून अंघोळ करावी. डोक्याचे खोबरेल तेल, अंगाचे क्रीम, अत्तर सगळे धुऊन टाकावे. तेलाने हौदाचे पाणी गढूळ होते आणि जंतुनाशकाचा प्रभाव कमी होतो. त्या दिवशी पायांचे किंवा बगलांचे केस वस्तऱ्याने काढले असतील तर पाण्यात उतरणे दुसऱ्या दिवसावर ढकलणे बरे, कारण कापलेल्या त्वचेतून केसांच्या मुळांना संसर्ग होऊन पुरळ येऊ शकते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी.

बहुतेक ठिकाणी दोन किंवा अधिक हौद असतात: एक कोमट, एक गरम. गरम हौदाची वरची मर्यादा १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअस आहे. हे आकडे लहान वाटतात, पण ४० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडलेल्या शरीराला घामाने थंड होता येत नाही. घाम येतच असतो, फक्त तो दिसत नाही. म्हणून सुरुवात कोमट हौदापासून करावी आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे. मग गरम हौदात आधी पाय, मग कंबर, मग खांदे असे मिनिट-दोन मिनिटांत उतरावे. पहिल्या फेरीला दहा मिनिटे पुष्कळ झाली.

बाहेर येताना आधी पायरीवर बसावे, छाती पाण्याबाहेर ठेवून तीस-चाळीस श्वास घ्यावेत, मग कठडा धरून उठावे. लगेच टॉवेल गुंडाळावा. वाळवंटी हवा इतकी कोरडी असते की अंगावरचे पाणी भराभर उडते आणि पाण्यातून निघताच हुडहुडी भरते. ती टाळण्यासाठी घाईने पुन्हा गरम पाण्यात शिरणे ही नेहमीची चूक आहे. अंग पुसून, झगा घालून पंधरा मिनिटे बाकावर आडवे व्हावे आणि पाणी प्यावे. नंतर दुसरी फेरी, हवी तर तिसरी. गरम हौदातला एका संध्याकाळचा एकूण वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असावा. मुलांनी कोमट हौदातच राहावे, मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर.

डोके पाण्याखाली घालू नये. मद्य घेऊन उतरू नये आणि रात्री उशिरा एकट्याने उतरू नये. मद्य आणि उष्णता दोन्ही रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि गुंगी आलेला माणूस पाण्यात घसरला तर आवाजही होत नाही.

तपासणी: डोके जड होणे, मळमळ, छातीत धडधड, कानात आवाज यांपैकी काहीही जाणवले तर फेरी तिथेच संपवावी. व्यक्तीला आडवे झोपवून पाय उशीवर ठेवावेत, कपाळावर ओला रुमाल ठेवावा, शुद्ध नीट असेल तरच घोट-घोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली तर ९११ वर फोन करावा.

एक सूचना सौजन्याची: ही ठिकाणे शांततेसाठी ओळखली जातात. पाण्यावरून आवाज लांब जातो. हौदाकाठी फोनवर मोठ्याने बोलणे किंवा छायाचित्रे काढणे बऱ्याच ठिकाणी नियमाने बंद असते.

## ८. शनिवार: भटकंती सकाळी, पाणी संध्याकाळी

माझ्या आईलाही एकदा इथे घेरी आली, ती याच टप्प्यातल्या चुकीमुळे. आम्ही अकरा ते तीन जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात चाललो, थकवा घालवायला म्हणून चार वाजता थेट गरम हौदात उतरलो, आणि उठताना ती पायरीवर कोसळली. सुदैवाने मी शेजारी होतो. दिवसभरात तिने जेमतेम अर्धा लिटर पाणी घेतले होते. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, म्हणून तो गेल्याचे कळत नाही आणि तहानही उशिरा लागते.

योग्य क्रम असा: पहाटे कोमट हौदात वीस मिनिटे, नाश्ता, आठच्या आत प्रस्थान, एक-दीडपर्यंत परत, जेवण, दोन तास आडवे होणे, भरपूर पाणी, आणि सूर्यास्तानंतर गरम हौद. हिवाळ्यात सूर्य पाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे हे सगळे आरामात बसते.

जोशुआ ट्रीचे पश्चिम प्रवेशद्वार महामार्ग ६२ ने साधारण पाऊण तासावर आहे. सकाळी नऊनंतर तिथे गाड्यांची रांग लागते. उद्यानाच्या अंतर्भागात पाणी नाही, पेट्रोल नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलचे नेटवर्क नाही. म्हणून टाकी भरलेली, नकाशा आधी उतरवून घेतलेला आणि माणशी किमान चार लिटर पाणी गाडीत असावे. अर्ध्या दिवसात सगळे पाहण्याचा अट्टहास करू नये. हिडन व्हॅलीची मैलभराची वर्तुळाकार वाट आणि १,५८० मीटर उंचीवरचे कीज व्ह्यू एवढे पुरे आहे. कीज व्ह्यूवरून खाली कोचेला खोरे आणि त्यातून गेलेली सॅन अँड्रियास भ्रंशाची रेघ दिसते. आदल्या रात्री ज्या पाण्यात बसलो त्याला अडवून धरणारी भूरचना अशी डोळ्यांनी पाहणे मला फार मोलाचे वाटते.

ज्येष्ठांना चालणे झेपणार नसेल तर बिग मोरोंगो कॅन्यनमधली लाकडी फळ्यांची सपाट वाट निवडावी. ती जवळ आहे, सावलीची आहे आणि पक्षी भरपूर दिसतात. पाम स्प्रिंग्जच्या हवाई ट्रामने (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेने) जाणार असाल तर जाकीट बरोबर घ्यावे: वरचे स्थानक सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा खालच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी थंड असू शकते.

इशारा: ट्राम आणि जोशुआ ट्री दोन्ही एकाच दिवशी ठेवू नयेत. तसे केल्यास संध्याकाळी पाण्यासाठी अंगात त्राण उरत नाही.

## ९. रविवार: निघण्याची वेळ

शेवटची फेरी सकाळी घ्यावी, कोमट हौदात आणि थोडक्यात. गरम पाण्यानंतर अंग सैल आणि डोळे जड होतात, म्हणून पाण्यातून निघाल्यापासून गाडी सुरू करेपर्यंत किमान तासभर जाऊ द्यावा आणि त्या वेळेत पोटभर नाश्ता करावा. लॉस एंजेलिसच्या दिशेने रविवारी दुपारी बारा ते सात या वेळेत महामार्ग तुंबतो. दहाच्या आत निघावे किंवा खोली सोडल्यावर हौद वापरण्याची मुभा असेल तर दिवसभर थांबून रात्री आठनंतर निघावे. सोमवारी सुट्टी असलेल्या आठवड्यात ही गर्दी सोमवारवर सरकते.

निघण्यापूर्वी हॉटेलच्या झग्यांचे खिसे तपासावेत. अंगठ्या, चष्मे आणि खोलीच्या किल्ल्या तिथेच राहतात. पोहण्याचे पोशाख साध्या पाण्याने खळबळून, पिळून वेगळ्या पिशवीत ठेवावेत, नाहीतर खनिजांचे पांढरे डाग घरी धुतल्यावरही जात नाहीत.